तिलिस्माची किल्ली : बाबू देवकीनंदन खत्री

गोष्टींच्या पुस्तकांचे वेड हा घरोघरी वादाचा विषय असतो. परीक्षा तोंडावर आलेली असते, समोर भूगोलाचे पुस्तक उघडे असते आणि त्याच्या आड तलवारबहाद्दर राजपुत्रांची, अंधाऱ्या भुयारांची आणि मंतरलेल्या खजिन्यांची एखादी जाडजूड कादंबरी दडवलेली असते. वडीलधाऱ्यांच्या हे ध्यानात आले म्हणजे त्यांचा संताप होतो. असली पुस्तके वाचून ना ज्ञान मिळत, ना गुण मिळत, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते अगदीच निराधार असते असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्या पुस्तकांना आपण फावल्या वेळची करमणूक म्हणून बाजूला सारतो, त्यांनीच एकदा एका मोठ्या प्रदेशातील लोकांना अक्षरे गिरवायला लावली आणि एका भाषेला तिचा वाचक मिळवून दिला, ही गोष्ट इतिहासात घडलेली आहे. ती ज्यांच्या हातून घडली त्या बाबू देवकीनंदन खत्री यांचे चरित्र आज विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावयाचे आहे. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहत आलो आहोत. शेजाऱ्याच्या घरातील या थोर कथाकाराची ओळख आपल्याला असणे सर्वथा उचित होय.

देवकीनंदनांचा जन्म जून १८६१ मध्ये बिहारातील मुजफ्फरपूर भागात, पूसा या गावाजवळ, त्यांच्या आजोळी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव लाला ईश्वरदास. हे घराणे मूळचे पंजाबातले. महाराजा रणजितसिंगांच्या मृत्यूनंतर त्या राज्यात जी अंदाधुंदी माजली, तिच्यात अनेक व्यापारी कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांपैकीच हे एक कुटुंब काशीस येऊन स्थिरावले. देवकीनंदनांचे बालपण मात्र आजोळी गेले आणि त्या काळच्या प्रतिष्ठित घरांच्या रीतीप्रमाणे त्यांचे पहिले शिक्षण उर्दू आणि फारसी यांत झाले. हिंदी व संस्कृत यांचा अभ्यास त्यांनी पुढे काशीस आल्यावर केला. जो पुरुष पुढे नागरी लिपीचा सर्वांत मोठा प्रसारक ठरला, त्याचा हात प्रथम वळला तो फारसी अक्षरांवर, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण त्यांच्या यशाचे एक मर्म तिच्यात आहे.

फारसी-उर्दूच्या या शिक्षणाबरोबर एक मोठे कथाभांडार आपोआप हाती येत असे. दास्तान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कथा म्हणजे अद्भुताचा महासागरच होता. अमीर हमजा हा त्यांचा वीर नायक. त्याच्या सोबतीला वेषांतरात पटाईत, हजरजबाबी, कोणालाही चकविणारे असे ऐयार असत, आणि विरुद्ध पक्षाला जादूगारांचे मोठमोठे तिलिस्म असत. तिलिस्म म्हणजे मंत्रतंत्राने बांधलेली मायानगरी. आपल्या मराठीत तिलस्मात हा शब्द आहे, तो याच शब्दाचा भाऊ. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून तिलिस्म-ए-होशरुबा या विख्यात दास्तानचे खंड उर्दूत छापावयास आरंभ केला आणि उत्तर हिंदुस्थानातील वाचणारा समाज त्यांत गढून गेला. हिंदीचे श्रेष्ठ कादंबरीकार प्रेमचंद यांनीसुद्धा लहानपणी हा ग्रंथ अधाशासारखा वाचला होता. अद्भुताच्या दारातून शिरलेला वाचक कायमचा अद्भुतातच अडकून पडतो असे नाही, हे या एका उदाहरणावरूनही दिसून येईल.

वयात आल्यावर देवकीनंदन वडिलोपार्जित व्यापारात शिरले. गयेजवळच्या टिकारी संस्थानाशी त्यांच्या घराण्याचा व्यवहार होता. तेथे त्यांनी काही काळ पेढी सांभाळली. पुढे संस्थानाचा कारभार सरकारी व्यवस्थेखाली गेला, तेव्हा ते काशीस परत आले. काशीच्या राजघराण्याशी त्यांचा परिचय होताच. त्या परिचयाचे फळ म्हणून चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांना मिळाला. लाकूड व इतर वनोपज यांचा हा व्यवहार. वरवर पाहता यात साहित्याचा गंधही नव्हता. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते याच रुक्ष व्यवसायामुळे.

काशीच्या दक्षिणेला गंगेचे सपाट खोरे संपून विंध्याच्या रांगा सुरू होतात. चंद्रप्रभा आणि कर्मनाशा या नद्या तेथील डोंगरांतून वाहतात. जागोजागी धबधबे, दऱ्या, घनदाट झाडी आणि त्या झाडीत पडझड झालेले जुने किल्ले आहेत. गंगेच्या काठावर चुनारचा बळकट दुर्ग उभा आहे, तर आत डोंगराळ मुलखात विजयगढचा किल्ला आहे. ठेक्याच्या निमित्ताने देवकीनंदन या रानांत दिवसचे दिवस हिंडत असत. त्यांचा स्वभाव मूळचाच रंगेल आणि भटक्या होता. मित्रमंडळी जमवावी, डोंगर चढावे, ओसाड वाड्यांतून आणि तटबंद्यांतून फिरावे, याचा त्यांना विलक्षण छंद होता. बुजलेली विहीर दिसली की ती कोठे जात असेल, भिंतीत कोनाडा दिसला की त्याच्या मागे काय असेल, असे प्रश्न त्यांच्या मनात उभे राहत. लाकडांचा हिशेब ठेवीत असताना दुसराही एक संचय त्यांच्या अंतःकरणात होत होता.

पुढे हा ठेका त्यांच्या हातून गेला. उत्पन्नाचे साधन तुटले. घरी बसण्याची वेळ आली. एखादा दुसरा गृहस्थ असता तर त्याने दैवाला बोल लावीत दिवस काढले असते. देवकीनंदनांच्या हाती जंगल राहिले नव्हते, परंतु जंगलात हिंडून जे जे पाहिले होते ते सारे त्यांच्यापाशी होते. ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते, म्हणून ते कोणाला काढूनही घेता येत नव्हते. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि त्या डोंगरांना, त्या भुयारांना, त्या ओसाड दुर्गांना पुन्हा माणसांनी गजबजवून टाकले. १८८८ साली त्यांची चंद्रकांता ही कादंबरी छापून बाहेर पडू लागली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

चंद्रकांतेचे कथानक थोडक्यात सांगावयाचे तर ते असे. नौगढच्या राजाचा पुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. परंतु विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा डोळा राजकन्येवर आणि त्याबरोबरच राज्यावरही आहे. आपला डाव साधत नाही असे दिसताच तो चुनारचा महाराजा शिवदत्त याला जाऊन मिळतो आणि दोन घराण्यांतील तेढीचे पर्यवसान तीन राज्यांच्या संघर्षात होते. पुढे राजकन्या आणि तिची सखी चपला या दोघी एका प्राचीन तिलिस्मात अडकतात आणि त्या तिलिस्माचा भेद केल्यावाचून त्यांची सुटका नाही, असा प्रसंग वीरेंद्रसिंहावर येतो. नौगढ, विजयगढ आणि चुनार ही तिन्ही ठिकाणे नकाशावर दाखविता येतात. कल्पनेचे मनोरे लेखकाने उभारले खरे, पण त्यांचा पाया त्याने पायी तुडविलेल्या भूमीवर घातला. म्हणूनच त्या कथेतील रान वाचकाला खरे वाटते.

या कादंबरीत तलवारी पुष्कळ आहेत, तरी तिचे खरे नायक ऐयार आहेत. ऐयार हा राजाचा हेर असतो, दूत असतो, वैद्य असतो आणि बहुरूपीही असतो. त्याच्या खांद्याला एक बटवा असतो. त्यात वेष पालटण्याचे सामान, शत्रूला बेशुद्ध करण्याची पूड, आणि बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणणारे लखलखा नावाचे हुंगण्याचे औषध असते. वीरेंद्रसिंहाचा जिवलग मित्र तेजसिंह हा असा ऐयार आहे आणि राजकन्येची सखी चपला हीही ऐयारीत कोणाला हार जाणारी नाही. एका स्त्रीने बुद्धीच्या व धाडसाच्या खेळात पुरुषांच्या बरोबरीने उतरावे, हे त्या काळच्या वाचकांना नवल वाटण्यासारखेच होते. ऐयारांचा एक दंडकही या कथेत आहे. ऐयार शत्रूच्या हाती सापडला तरी त्याचा वध करावयाचा नाही, त्याला कैदेत ठेवावयाचे. त्यामुळे या कादंबरीतील संघर्ष रक्तपातापेक्षा बुद्धिबळाच्या डावासारखा रंगत जातो. कोण कोणाचा वेष घेऊन आला आहे, कोणता मित्र खरा आणि कोणता बनावट, हे ओळखण्यासाठी वाचकालाही डोळे उघडे ठेवावे लागतात. असली पुस्तके वाचणाऱ्याला कोणी सहज फसवू शकणार नाही, असा आपल्या ग्रंथाचा एक उपयोग खुद्द देवकीनंदनांनी प्रस्तावनेत सांगितला होता.

जुन्या दास्तानकारांचे देवकीनंदनांवर ऋण होते, यात शंका नाही. ऐयार आणि तिलिस्म ही दोन्ही त्यांनी तेथूनच उचलली. परंतु त्यांनी एक महत्त्वाचा पालट केला. दास्तानातील तिलिस्म जादूगाराच्या मंत्राने उभा राहतो आणि मंत्रानेच कोसळतो. देवकीनंदनांच्या तिलिस्मात मंत्राला फारसे काम नाही. तेथे कारागिरांनी बसविलेल्या कळा आहेत, दातेरी चक्रे आहेत, आपोआप उघडझाप करणारी दारे आहेत, रसायने आणि औषधी चूर्णे आहेत. एका पडक्या वाड्यातील दगडी बगळा चोच उघडून माणसाला गिळतो, हे वाचताना अंगावर काटा उभा राहतो, पण तो यंत्राचा प्रताप होता, हेही पुढे यथावकाश समजते. आगगाडी, तारायंत्र आणि छापखाना ही नवी यंत्रे ज्या पिढीच्या डोळ्यांदेखत आली, त्या पिढीचा हा लेखक होता. अद्भुताचा आनंद तर द्यावयाचा, पण शेवटी वाचकाच्या बुद्धीचे समाधानही करावयाचे, असा त्यांचा बाणा होता. यांतील कित्येक गोष्टी अशक्य आहेत, असा आक्षेप पुढे वृत्तपत्रांतून घेण्यात आला, तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. काल जे अशक्य मानले जात होते ते आज यंत्रविद्येने साध्य झाल्याचे आपण पाहतच आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

चंद्रकांता प्रसिद्ध झाली तेव्हा हिंदी गद्याची स्थिती काय होती, हे पाहिल्यावाचून तिचे महत्त्व कळणार नाही. आधुनिक हिंदीचे प्रवर्तक भारतेंदु हरिश्चंद्र हे काशीचेच. त्यांचे १८८५ च्या आरंभी अल्पवयात निधन झाले होते. लाला श्रीनिवासदास यांची परीक्षागुरु ही हिंदीतील आरंभीची कादंबरी १८८२ साली निघाली होती. ग्रंथकार होते, विद्वान होते, तळमळही होती. नव्हता तो वाचक. कंपनी सरकारने १८३७ साली कचेऱ्यांतून फारसी भाषा उठविली, पण त्या प्रांतात तिची जागा घेतली ती फारसी लिपीतील उर्दूने. नोकरी हवी असेल त्याने तीच अक्षरे शिकावयाची. कचेऱ्यांत नागरी लिपीला मुभा मिळाली ती थेट एप्रिल १९०० मध्ये. म्हणजे चंद्रकांता बाहेर पडली त्या दिवसांत नागरी अक्षरे शिकून पोटापाण्याचा लाभ असा काही नव्हता. शिकल्यासवरल्या माणसानेही ती लिपी का शिकावी, या प्रश्नाला सभा आणि व्याख्याने यांतून मिळणारी उत्तरे कर्तव्याची होती. कर्तव्याच्या हाकेला धावणारे लोक नेहमीच थोडे असतात.

देवकीनंदनांनी या प्रश्नाला दुसरेच उत्तर दिले. वीरेंद्रसिंह तिलिस्मातून सुटला की नाही, हे समजून घ्यावयाचे असेल तर नागरी शिकली पाहिजे, एवढाच तो साधा हिशेब होता. आणि तो हिशेब बिनचूक ठरला. ज्यांना केवळ उर्दू येत होते अशा असंख्य लोकांनी चंद्रकांता वाचता यावी म्हणून नागरी अक्षरे गिरवली. जे स्वतः निरक्षर होते त्यांनी दुसऱ्याकडून ती वाचून घेतली. आचार्य रामचंद्र शुक्ल हे हिंदीचे अत्यंत कडक समीक्षक. त्यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात देवकीनंदनांच्या कादंबऱ्यांना शुद्ध साहित्याच्या पंक्तीत बसविण्याचे नाकारले. घटनांचे वैचित्र्य हेच तेथे सर्वस्व आहे, रस, भाव आणि स्वभावचित्रण यांकडे लेखकाचे लक्ष नाही, असे त्यांचे मत. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी हेही मोकळ्या मनाने मान्य केले की, जितके वाचक या एका ग्रंथकाराने हिंदीसाठी निर्माण केले तितके दुसऱ्या कोणीही केले नाहीत. प्रतिकूल मताच्या न्यायाधीशाने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

शुक्लजींचा आक्षेप आपणही प्रांजळपणे मान्य केला पाहिजे. चंद्रकांतेतील राजपुत्र सर्वगुणसंपन्न आहे आणि दुष्ट माणूस नावापासूनच क्रूर आहे. मनुष्याच्या मनातील बऱ्यावाईटाचे झगडे तेथे क्वचितच दिसतात. परंतु लेखकाची वाढ तेथेच थांबली नाही. चंद्रकांता संतती हा त्यांचा पुढील ग्रंथ चोवीस भागांचा. चंद्रकांता व वीरेंद्रसिंह यांचे पुत्र इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह यांच्या पराक्रमांची ही कथा चुनारपासून बिहारातील रोहतासगढापर्यंत पसरत जाते. तिच्यात भूतनाथ नावाचा एक ऐयार येतो. तो शूर आहे, चतुर आहे, पण त्याच्या पूर्वायुष्यात काही काळी कृत्ये घडलेली आहेत आणि ती उघडकीस येतील या धास्तीने तो जन्मभर पछाडलेला आहे. त्याला चांगले व्हावयाचे आहे, आणि झालेल्या वाईटाची छाया मात्र त्याला सोडीत नाही. हे पात्र लेखकाला इतके मोहवून गेले की, पुढे त्यांनी त्याच्या नावाने स्वतंत्र कादंबरीच लिहावयास घेतली. आरंभी घटनांच्या मागे धावणारा हा कथाकार अखेरीस माणसाच्या मनाच्या तिलिस्मापाशी येऊन ठेपला होता.

भाषेच्या बाबतीतही त्यांचे धोरण मोठ्या विचाराचे होते. वाचताना कोशाची पाने उलटावी लागू नयेत, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून चंद्रकांतेत त्यांनी लोकांच्या तोंडी रुळलेली, उर्दू शब्दांची सवय असलेल्यालाही परकी न वाटणारी सोपी हिंदी वापरली. पुढच्या ग्रंथांतून मात्र त्यांनी हळूहळू संस्कृत शब्दांचे प्रमाण वाढवीत नेले. हे अभावितपणे घडलेले नाही. आपण वाचकाला एकेक पायरी वर चढवीत आहोत याची त्यांना पूर्ण जाणीव होती आणि संततीच्या अखेरीस त्यांनी ती स्पष्ट बोलूनही दाखविली. पहिल्या भागाला हात लावताना जो वाचक अडखळत होता, तो शेवटच्या भागापर्यंत नकळत प्रौढ भाषा वाचू लागला होता. ज्यांचा प्रथम हात फारसी अक्षरांवर वळला होता, त्यांनाच त्या दुसऱ्या तीरावरील माणसाची अडचण अचूक कळली आणि त्यांनी त्याच्यासाठी पूल बांधला. शिक्षणशास्त्राचा एखादा पंडित याहून अधिक काय करणार होता?

कथा लोकप्रिय झाल्यावर त्यांनी व्यवहारही नेटका सांभाळला. १८९८ साली त्यांनी काशीत लहरी प्रेस या नावाचा स्वतःचा छापखाना काढला आणि आपले ग्रंथ आपणच छापून प्रसिद्ध करू लागले. १९०० साली त्यांनी पंडित माधवप्रसाद मिश्र यांच्या संपादकत्वाखाली सुदर्शन हे हिंदी मासिक सुरू केले. ते फार वर्षे चालले नाही, तरी चांगल्या गद्याची ओळख वाचकांना करून देण्याचे काम त्याने केले. ठेका गमावलेला हा गृहस्थ आता केवळ शब्दांच्या बळावर आपला संसार चालवीत होता आणि छापखान्यातील कामगारांच्या पोटालाही देत होता. हिंदीत लिहून निर्वाह करता येतो, हे त्या काळी आश्चर्यच होते. नरेंद्रमोहिनी, वीरेंद्रवीर, कुसुमकुमारी, काजर की कोठरी अशा त्यांच्या आणखीही कादंबऱ्या निघाल्या. परंतु लोकांच्या जिभेवर नाव राहिले ते चंद्रकांतेचेच.

१ ऑगस्ट १९१३ रोजी देवकीनंदनांचे देहावसान झाले. वय अवघे बावन्न. भूतनाथ कादंबरीचे सहा भाग लिहून झाले होते आणि कथा अर्ध्यावर उभी होती. त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी वडिलांची लेखणी उचलली आणि उरलेले पंधरा भाग लिहून ती पुरी केली. वडिलांनी उघडून ठेवलेल्या भुयारातून मुलगा दिवा घेऊन पुढे गेला, असेच म्हणावयास हवे. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९९४ साली, दूरदर्शनवर चंद्रकांतेवर आधारलेली मालिका सुरू झाली. मूळ कथेत तिने पुष्कळ फेरफार केले होते, तथापि त्या नावाची मोहिनी कायम असल्याचे सर्व देशाने पाहिले.

आपल्या मराठी वाङ्मयाचा मार्गही काही काळ अशाच अद्भुताच्या प्रदेशातून गेला होता, याचे स्मरण येथे होते. देवकीनंदनांचा जन्म झाला त्याच १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची मुक्तामाला ही कादंबरी निघाली. तिच्यानंतर रिसबुडांची मंजुघोषा आली. काही दशकांनी नाथमाधवांच्या वीरधवलने कित्येक घरांतील मुलांची झोप उडविली. हरिभाऊ आपटे यांनी १८९० च्या सुमारास करमणूक पत्रातून मराठी कादंबरीला संसाराच्या वास्तव भूमीवर आणले खरे, पण त्यांची कादंबरी आवडीने वाचणारा समाज तोवर तयार झालेला होता, आणि तो तयार करण्यात त्या आधीच्या अद्भुतरम्य कथांचाही वाटा होता. अद्भुत कथा ही वाचनाची देवडी आहे. देवडीतच मुक्काम ठोकून बसणे शहाणपणाचे नव्हे, पण देवडी ओलांडल्यावाचून वाड्यात कोणालाही शिरता येत नाही.

चंद्रकांतेत तिलिस्म कशासाठी बांधतात याचा एक खुलासा आला आहे, आणि तो सांगून हा परिचय संपवितो. एखाद्या राजापाशी अपार संपत्ती असते आणि ती सांभाळण्यास योग्य वारस त्या घडीला नसतो. तेव्हा तो थोर थोर ज्योतिषी आणि कारागीर बोलावून तिलिस्म बांधवितो. आपल्या वंशात पुढे केव्हातरी जो लायक पुरुष निपजेल त्याच्यासाठी ती दौलत आत बंद करून ठेवतो आणि ती उघडण्याची रीत एका पुस्तकात लिहून ठेवतो. ते पुस्तक ज्याला वाचता येईल त्यालाच दार उघडते. बाकीच्यांना तेथे नुसते दगड आणि पडक्या भिंती दिसतात.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना या खुलाशाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. ज्ञानदेवांपासून आजपर्यंतच्या ग्रंथकारांनी आपल्यासाठी असाच एक खजिना ठेवलेला आहे. भोवतालचा व्यवहार दुसऱ्या भाषेत चालतो, नोकरीसाठी तिसरीच भाषा लागते, मग मराठी वाचून लाभ काय, असा प्रश्न आपल्याही घरांतून विचारला जातो. काशीच्या या कथाकाराच्या काळी नागरी लिपीविषयी नेमका हाच प्रश्न विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर एका गोष्टीच्या पुस्तकाने दिले. म्हणून वडीलधाऱ्यांना नम्र विनंती अशी की, भूगोलाच्या पुस्तकाआड मराठी कादंबरी सापडली तर रागवावे जरूर, पण ती फेकून देऊ नये, परीक्षा झाल्यावर परत द्यावी. आणि विद्यार्थी मित्रहो, बाळबोध अक्षरे आपल्याला येतात, तेव्हा शेजारच्या तिलिस्माची किल्लीही आपल्या हाती आयतीच आहे. या सुटीत वीरधवल वाचून झाला की चंद्रकांता मूळ हिंदीत उघडून पाहा. दोन्ही वाड्यांची दारे एकाच किल्लीने उघडतात.